कलाकारांची ‘असाधारण क्षमता’ आणि अमेरिकेचा व्हिसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी कात्रणं, मानपत्रं आणि कार्यक्रमपत्रिका यांची व्हिसाच्या फायलींसाठी इंग्रजी भाषांतरं करणं हे माझं काम. त्यामुळे गायक, वादक, नर्तक, चित्रकार आणि नाटकवाले यांचे तेच ते प्रश्न माझ्याकडे वर्षानुवर्षं येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी वकील नाही. तुमच्या प्रकरणात काय लागू पडेल ते इमिग्रेशन वकिलाकडूनच ठरवून घ्या. पण वकिलाकडे जाण्याआधी पुराव्यांची पिशवी कशी भरायची, ते इथे कळेल.

१. ओ-१ आणि ईबी-१ए हे दोन्ही शब्द कानावर येतात. फरक काय?

ओ-१ हा तात्पुरता कामाचा व्हिसा आहे. पहिल्यांदा तो जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मिळतो आणि पुढे साधारणपणे एकेक वर्षाने वाढवता येतो. कलाकारांसाठीचा उपप्रकार म्हणजे ओ-१बी. ईबी-१ए ही कायमच्या वास्तव्याची, म्हणजे ग्रीन कार्डाची वाट. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने या दोन्ही वाटा उघडल्या आणि दोन्हीकडे ‘असाधारण क्षमता’ हाच शब्द वापरला. सगळा गोंधळ तिथूनच होतो, कारण शब्द एक असला तरी मोजपट्टी वेगळी आहे.

ओ-१बी मध्ये कलाकाराला ‘वेगळेपणाने ओळखला जाणारा’ एवढं सिद्ध करावं लागतं : नेहमी दिसणाऱ्या कलाकारांपेक्षा ठळकपणे वरचा, आपल्या क्षेत्रात नाव असलेला. चित्रपट आणि टीव्हीसाठी पट्टी याहून वर आहे. ईबी-१ए मध्ये मात्र क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोहोचलेल्या मोजक्या लोकांपैकी तुम्ही एक आहात, आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरची ही ख्याती टिकून आहे, हे दाखवावं लागतं. खालची बहुतेक उत्तरं ईबी-१ए ची आहेत. जिथे ओ-१बी वेगळा पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

२. मला अमेरिकेत नोकरी देणारं कोणी नाही. तरी अर्ज करता येतो का?

ईबी-१ए मध्ये येतो. आय-१४० हा फॉर्म कलाकार स्वतःच्या सहीने भरू शकतो, नोकरीचा प्रस्ताव लागत नाही. मात्र अमेरिकेत येऊन तुम्ही त्याच क्षेत्रात काम करणार आहात, याचा स्पष्ट पुरावा हवा. ठरलेले कार्यक्रम, करार, संस्थांची निमंत्रणपत्रं किंवा तुमच्या पुढच्या कामाची सविस्तर योजना यांपैकी काही चालतं. ‘मला गायचं आहे’ ही योजना नव्हे. कुठे, कोणाबरोबर, कशा प्रकारचं काम, पैसे कुठून येणार, हे लिहा.

ओ-१ साठी स्वतःच स्वतःचा अर्ज करता येत नाही. अमेरिकन संस्था किंवा एजंट लागतो. तुमच्या मालकीची, पण कायद्याने वेगळी असलेली कंपनी अर्ज करू शकते. करार आणि कार्यक्रमांचं वेळापत्रक मात्र त्यातही जोडावं लागतं.

३. माझ्याकडे ग्रॅमी किंवा ऑस्कर नाही. मग संपलंच का?

नाही. एवढा मोठा एकच पुरस्कार असेल तर तो पुरतो. तो नसेल तर नियमात दहा निकष दिले आहेत, त्यांपैकी किमान तीन पूर्ण करायचे. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यतेची बक्षिसं, कर्तृत्व पाहूनच प्रवेश देणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व, तुमच्याविषयी प्रमुख माध्यमांत छापून आलेलं लेखन, इतरांच्या कामाचं परीक्षण, क्षेत्रात मोठं महत्त्व असलेलं मौलिक योगदान, विद्वत्तापूर्ण लेख, कलाप्रदर्शनांत मांडलेलं काम, नामवंत संस्थेत प्रमुख किंवा निर्णायक भूमिका, इतरांच्या तुलनेत जास्त मानधन, आणि सादरीकरणाच्या कलांमधलं व्यावसायिक यश. नियमाच्या मजकुरात अजूनही ‘कॅसेट’ हा शब्द आहे, त्यावरून तो किती जुना ते कळावं.

ओ-१बी ची यादी सहा निकषांची आहे आणि ती रंगमंचावरच्या माणसाला जास्त जवळची : नावाजलेल्या प्रयोगांतली मुख्य भूमिका, समीक्षकांची दखल, तज्ज्ञांनी किंवा सरकारी संस्थांनी दिलेली मान्यता, वगैरे. तिथेही तीन लागतात.

४. तीन निकष बसले म्हणजे मंजुरी नक्की ना?

नक्की नाही. सर्वात जास्त निराशा मी इथेच पाहते.

२०१० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने कझारियन या भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्यात निकाल दिला. त्यानंतर यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज तपासणारं खातं, दोन पायऱ्यांनी अर्ज तपासू लागलं. पहिल्या पायरीवर फक्त मोजणी : तीन निकषांत बसणारे कागद आहेत का? दुसऱ्या पायरीवर अधिकारी सगळी फाईल एकत्र ठेवून विचारतो, की हा माणूस खरोखर शिखरावरच्या मोजक्यांपैकी आहे का?

म्हणजे तालुका पातळीवरच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलात, तर पहिल्या पायरीवर ‘परीक्षण’ हा निकष भरू शकतो. दुसऱ्या पायरीवर तोच कागद तुमच्या विरुद्ध बोलू शकतो, कारण शिखरावरच्या कलाकाराची फाईल अशा कागदांनी का भरावी, असा प्रश्न पडतो. म्हणून दहा निकष ओढूनताणून भरण्यापेक्षा चार भक्कम भरा. पुराव्याची कसोटी मात्र ‘शंकेला जागाच नको’ अशी नाही. ‘खरं असण्याची शक्यता जास्त’ एवढीच आहे, आणि हे अर्जदाराच्या बाजूचं आहे.

५. संगीत विशारद आणि अलंकार या पदव्या पुरस्कारात धरतात का?

नाही. त्या परीक्षा आहेत. शिक्षण पूर्ण केल्याचा कागद आणि श्रेष्ठत्वाबद्दल मिळालेलं बक्षीस यांत अधिकारी स्पष्ट फरक करतात. शिष्यवृत्त्यांचंही साधारण तेच. त्या शिकणाऱ्यांना मिळतात, त्यामुळे प्रस्थापित कलाकारांमधलं तुमचं स्थान त्यांतून दिसत नाही.

संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार मात्र वेगळा. तो चाळिशीच्या आतल्या कलाकारांसाठी असला, तरी देशभरातून निवड होते. वयाची अट आहे एवढ्याच कारणाने पुरस्कार बाद होत नाही. प्रत्येक बक्षिसाबरोबर चार गोष्टी जोडा : कोण देतं, निवड कशी होते, आधी कोणाकोणाला मिळालं आणि बातम्या कुठे आल्या. स्मृतिचिन्हाचा फोटो हा पुरावा नव्हे. मागे कपाट आणि पुढे शाल-श्रीफळ असा फोटो मला दर महिन्याला येतो.

आकाशवाणीची श्रेणी हा आपल्याकडचा एक चांगला कागद आहे. ए किंवा टॉप श्रेणी ऑडिशन मंडळाकडून मिळते. ती बक्षिसात बसत नाही, सदस्यत्वातही बसत नाही. ओ-१बी मध्ये मात्र सरकारी संस्थेची मान्यता म्हणून ती मांडता येते. श्रेणी किती आहेत, चाचणी कशी होते, हे समजावणारं पान सोबत हवंच. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला ‘बी हाय’ हा नापासाचा शेरा वाटू शकतो.

६. आमच्या चमूला पुरस्कार मिळाला, माझ्या एकट्याला नाही. चालेल का?

चालू शकेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूएससीआयएसने आपल्या धोरण-पुस्तिकेत स्पष्ट केलं, की संघाला मिळालेल्या पुरस्कारात तुमचा वाटा दिसत असेल तर तो विचारात घेतला जाईल. नाटकाच्या सांघिक पारितोषिकात तुमचं नाव पत्रकावर, प्रमाणपत्रावर किंवा निकालात असायला हवं. नुसतं ‘मीही त्या प्रयोगात होतो’ हे पुरत नाही. त्याच बदलात जुनी, आता चालू नसलेली सदस्यत्वंही मान्य झाली. फक्त वर्गणी भरून मिळणारं सभासदत्व तेव्हाही चालत नव्हतं, आजही चालत नाही, मग संस्था कितीही जुनी आणि आदरणीय असो.

७. मराठी वर्तमानपत्रांतली कात्रणं चालतात का? की इंग्रजीच हवं?

मराठी चालतं. संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, तसंच मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्याची आपली पात्रता आहे, असं भाषांतरकाराला लिहून सही करावी लागते. नोटरीची अट नियमात नाही. ‘मुख्य मुद्द्यांचा सारांश’ मात्र चालत नाही.

आता खरी अडचण. नियमाप्रमाणे लेखाचं शीर्षक, तारीख आणि लेखकाचं नाव हवं. आपल्याकडची निम्मी कात्रणं कडेने कापून अल्बममध्ये चिकटवलेली असतात, तारीख आणि पेपरचं नाव कापण्यातच गेलेलं असतं, आणि बातमीवर नुसतं ‘प्रतिनिधी’ लिहिलेलं असतं. शक्य असेल तर पूर्ण पानाचं स्कॅन मिळवा. ई-पेपरचे जुने अंक आणि ग्रंथालयांतले फायलींचे गठ्ठे यांतून बरंच सापडतं. लेखकाचं नाव छापलंच नसेल, तर वृत्तपत्राच्या कार्यालयाकडून तसं पत्र घेऊन जोडा.

दुसरं असं, की लेख तुमच्याविषयी असायला हवा. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पुण्यात १९५३ पासून चालत आला आहे आणि तिथे गायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे ते आपल्याला कोणी सांगायला नको. पण महोत्सवाच्या वृत्तांतात तुमच्यावर एक ओळ असेल, तर तो तुमच्याविषयीचा लेख ठरत नाही. एखाद्या व्यापक लेखात तुमच्या कामाची भरीव चर्चा असेल तर मात्र ठरू शकतो. निमंत्रित कलाकार म्हणून तिथे सादरीकरण केल्याचा पुरावा वेगळ्या निकषाखाली, नामवंत महोत्सवातली भूमिका म्हणून, ओ-१बी मध्ये जास्त कामाला येतो.

तिसरं, पेपर ‘प्रमुख’ आहे हे दाखवा. खपाचे ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचे आकडे असतील तर ते जोडा, आणि तो पेपर कोणत्या भाषेच्या किती मोठ्या प्रदेशात वाचला जातो ते एका परिच्छेदात सांगा. मराठी ही कोट्यवधी लोकांची भाषा आहे, हे अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असं धरू नका.

८. भाषांतरात काय बिघडतं?

बरंच बिघडतं. ‘नवोदित गायिका’ हे कौतुकाने लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत ते अगदी नवशिकी म्हणून वाचलं जातं. ‘पंचवीस वर्षं साधना केलेली नवोदित’ असं एकाच परीक्षणात आलं, की वाचणारा गोंधळतो. मूळ शब्द बदलता येत नाही, बदलूही नये. तो काय अर्थाने वापरतात ते भाषांतरकाराच्या टिपेत लिहिता येतं. ‘पंडित’ ही पदवी आहे की आडनाव, ‘बैठकीची लावणी’ म्हणजे काय, ‘साथ’ म्हणजे दुय्यम काम नव्हे, अशा टिपा मी नेहमी देते.

उलट बाजूही सांगते. ‘रसिकांना मंत्रमुग्ध केले’, ‘टाळ्यांचा कडकडाट’, ‘अविस्मरणीय मैफल’ हे वाक्प्रचार आपल्या वृत्तांतांत इतके येतात, की भाषांतरात दहा लेख एकसारखे दिसतात. ज्या परीक्षणात कोणता राग, कोणत्या बंदिशीत काय वेगळं केलं, कुठे फसलं, असं नेमकं लिहिलं आहे, ते आधी लावा. थोडी टीका असलेलं परीक्षण लपवू नका. त्याने समीक्षक खरा वाटतो.

९. कात्रणांत माझं माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. काय करू?

लग्नाचं प्रमाणपत्र जोडा. नाव राजपत्रात बदललं असेल तर राजपत्राचं पान जोडा, आणि सर्व नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा. ज्या फॉर्ममध्ये ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असेल, त्यात माहेरचं, रंगमंचावरचं आणि वेगळ्या स्पेलिंगचं, अशी सगळी नावं लिहा. स्त्री कलाकारांची पंधरा-पंधरा वर्षांची कारकीर्द या एका कागदाअभावी दुसऱ्याच कुणाची ठरू नये, म्हणून हा प्रश्न मी स्वतंत्र ठेवला आहे.

१०. शिफारसपत्रं किती आणि कोणाची घ्यावीत?

आकडा ठरलेला नाही. पाच ते आठ चांगली पत्रं बहुतेक फायलींना पुरतात. पत्र हा स्वतः निकष नाही, ते बाकीचे कागद समजावून सांगतं. एवढं लक्षात ठेवलं की पत्राकडून काय अपेक्षा करायची ते कळतं.

आपल्या परंपरेत गुरूचा शब्द अखेरचा. इथे तसं नाही. ज्यांनी तुम्हाला घडवलं, ज्यांच्याबरोबर तुम्ही रोज काम करता, त्यांचं पत्र आतली माहिती देतं, पण त्यांना तुमच्याविषयी आपलेपणा असणार हे अधिकारी जाणून असतो. म्हणून गुरूंचं एक पत्र घ्या, आणि निम्म्याहून अधिक पत्रं अशा लोकांची घ्या ज्यांनी तुम्हाला तुमच्या कामामुळेच ओळखलं : महोत्सवाचे आयोजक, समीक्षक, दुसऱ्या घराण्याचे कलाकार, परदेशी संस्थांचे कार्यक्रम ठरवणारे.

पत्र लिहिणाऱ्याला तयार मसुदा देण्याची पद्धत फार पसरली आहे आणि ती घातक आहे. आठ पत्रांत तीच वाक्यं, तेच विशेषण, तीच चूक दिसली की सगळीच पत्रं हलकी होतात. मुद्दे द्या, वाक्यं देऊ नका. ‘अमुक साली अमुक ठिकाणी मी हिला ऐकलं, तिने असं केलं, म्हणून आम्ही पुढच्या वर्षी शेवटच्या सत्रात बोलावलं’ असं एक वाक्य दहा विशेषणांना भारी पडतं. पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं, भाषांतराचा नियम प्रश्न ७ मधलाच.

११. मी साथीदार आहे. मुख्य कलाकार मी नसतोच. मला शिखरावरचा कोण म्हणेल?

तुमचं क्षेत्र नीट आखा. ‘भारतीय संगीत’ असं क्षेत्र घेतलंत तर तुमची तुलना मंचावरच्या गायकाशी होईल. ‘हार्मोनियमची साथ’ किंवा ‘तबलावादन’ असं घेतलंत तर त्या कामातल्या लोकांशी होईल. फार बारीक चिरू नका, ‘पुणे जिल्ह्यातली नाट्यसंगीताची ऑर्गनसाथ’ हे क्षेत्र कोणी मान्य करणार नाही.

निर्णायक भूमिका सिद्ध करताना पत्रकावरचं नाव पुरत नाही. आयोजकाने किंवा संस्थेने लिहायला हवं, की कोणत्या मैफलींना तुम्हालाच का बोलावलं, तुमच्याशिवाय काय अडलं असतं. ध्वनिमुद्रिकांवरचं श्रेय, स्वतंत्र वादनाचे कार्यक्रम, परीक्षणात साथीवर लिहिलेले परिच्छेद शोधा. जुने समीक्षक साथीवर आवर्जून लिहीत.

मुख्य कलाकाराला ओ-१ मिळत असेल आणि तुम्ही फक्त त्या दौऱ्यासाठी जात असाल, तर ओ-२ हा वेगळा वर्ग आहे. त्यात तुमची स्वतःची ख्याती सिद्ध करावी लागत नाही, त्या सादरीकरणाला तुम्ही अपरिहार्य आहात हे करावं लागतं.

१२. चित्रकारांचं काय? जहांगीरला तीन प्रदर्शनं झाली आहेत.

‘प्रदर्शनांत मांडलेलं काम’ हा निकष त्यामुळे सहज भरतो. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासूनची, नाव मोठं. पण दुसऱ्या पायरीवर (प्रश्न ४) अधिकारी विचारतो, की दालन भाड्याने घेतलं, की कोणी निवडलं? निवडसमितीने अर्ज पाहिला असेल तर तसं पत्र मिळवा. संग्राहकांनी घेतलेली चित्रं, संग्रहालयांच्या कायम संग्रहातली नोंद, कॅटलॉगमधले निबंध, लिलावातल्या किमती हे कागद प्रदर्शनाच्या यादीहून वजनदार.

नर्तक आणि गायक आपले रंगमंचीय प्रयोग याच निकषात बसवायला बघतात. तो मुख्यतः दृश्यकलांना सरळ लागू पडतो, प्रयोगांसाठी प्रमुख भूमिका किंवा व्यावसायिक यश हे निकष जास्त बरे.

१३. परीक्षक म्हणून निमंत्रण आलं होतं, जाता आलं नाही. पत्र जोडू का?

नको. प्रत्यक्ष परीक्षण केल्याचा पुरावा लागतो : गुणपत्रक, आयोजकाचं पत्र, निकालपत्रकावरचं नाव. स्वतःच्या क्लासमधल्या विद्यार्थ्यांची परीक्षा यात धरू नका.

१४. मी नवीन नृत्यशैली तयार केली आहे. हे ‘मौलिक योगदान’ ना?

मौलिक असेल. पण नियमात पुढचे शब्द आहेत ‘मोठं महत्त्व असलेलं’, आणि हा बहुधा सर्वात अवघड निकष. २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात व्हिसिन्स्काया या बॉलरूम नर्तकीचं प्रकरण आलं. तिने विकसित केलेल्या तंत्राची स्तुती करणारी पत्रं होती. ते तंत्र क्षेत्रात व्यापकपणे स्वीकारलं गेलं, त्याने नृत्य बदललं, असा पुरावा नव्हता. न्यायालयाने नकार कायम ठेवला.

तेव्हा विचारा : तुमची रचना इतर कोणी, तुमचे शिष्य सोडून, सादर करतं का? अभ्यासक्रमात आहे का? त्यावर कोणी लिहिलं आहे का? उत्तर ‘अजून नाही’ असेल तर हा निकष सोडा आणि दुसऱ्यांवर जोर द्या.

१५. यूट्यूबवर लाखो व्ह्यूज आहेत. त्यांचं वजन किती?

एकटे आकडे हलके. कशाच्या तुलनेत लाखो? तुमच्या प्रकारातल्या नामवंतांचे आकडे शेजारी ठेवा, मिळकतीचे अहवाल जोडा, आणि त्या प्रसिद्धीतून आलेलं काम दाखवा. समाजमाध्यमं नियमाच्या यादीत नाहीत. एखादा निकष तुमच्या व्यवसायाला लागूच पडत नसेल, तर ‘समतुल्य पुरावा’ देण्याची सोय आहे. पण तो निकष का लागू पडत नाही, हे आधी लिहावं लागतं. ‘माझ्याकडे नाही’ आणि ‘माझ्या व्यवसायात असतच नाही’ यांत फरक आहे.

१६. मानधन पाकिटातून मिळतं. जास्त मोबदला कसा दाखवू?

जे कागदावर नाही ते मोजता येत नाही. आयकर विवरणपत्रं, बँकेतल्या नोंदी, करारपत्रं एवढंच चालतं. शिवाय तुलना हवी : तुमच्याच प्रकारातल्या, तुमच्याच देशातल्या इतर कलाकारांना किती मिळतं. भारतातलं मानधन डॉलरमध्ये बदलून अमेरिकेतल्या पगाराशी तोलायची गरज नाही. शास्त्रीय कलांत असे तुलनेचे आकडे मिळणं कठीण, म्हणून बहुतेकांनी या निकषाच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. तिकिटावरच्या नाटकाचं मात्र वेगळं. नाट्यगृहाच्या विक्रीचे हिशेब, हाऊसफुल्ल प्रयोगांची संख्या आणि दौऱ्यांचे करार यांतून व्यावसायिक यश चांगलं दिसतं.

१७. अमेरिकेत मला मुख्यतः शिकवायचं आहे. कार्यक्रम कमी करेन.

सावध राहा. दक्षिण कोरियातला एक नामवंत बेसबॉल खेळाडू प्रशिक्षक म्हणून अमेरिकेत येऊ पाहत होता. २००२ च्या त्या निकालात, ली विरुद्ध झिगलर, न्यायालयाने मान्य केलं की खेळण्यातली असाधारण क्षमता म्हणजे शिकवण्यातली नव्हे. कलाकारांनाही हाच तर्क लावतात. शिकवण्याबरोबर सादरीकरण चालूच राहणार असेल, तर योजनेत (प्रश्न २) ते स्पष्ट दिसू द्या. खरोखर शिकवायचंच असेल, तर गुरू म्हणून तुमचं कर्तृत्व मांडा : नाव कमावलेले शिष्य, कार्यशाळा, निमंत्रणं.

१८. माझा बहर दहा वर्षांपूर्वी होता. मधे मुलं लहान होती, कार्यक्रम थांबले.

‘टिकून असलेली ख्याती’ याला नियमात वर्षांची मर्यादा नाही. पण सगळे कागद जुने असतील तर अधिकारी प्रश्न विचारणारच. खंड का पडला ते सरळ लिहा, आणि गेल्या दोन-तीन वर्षांतलं काम, थोडं असलं तरी, पुढे ठेवा. उलट वय लहान असणं ही अडचण नाही, कारकीर्द छोटी असली तरी ती गाजलेली असू शकते.

१९. ओ-१ मंजूर झाला आहे. आता ईबी-१ए ला तेच कागद चालतील?

कागद चालतील, निकाल तसाच लागेल असं नाही. कारण प्रश्न १ मध्ये आहे. ईबी-१ए दाखल केल्यामुळे ओ-१ धोक्यात येतो का, हीही भीती असते. ओ-१ च्या नियमातच लिहिलं आहे, की केवळ कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला म्हणून तो नाकारता येत नाही.

२०. ‘सल्लापत्र’ काय असतं?

ओ-१ ला क्षेत्रातल्या संघटनेचं मत लागतं. वादकांसाठी अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स, रंगभूमीवरच्या नटांसाठी अ‍ॅक्टर्स इक्विटी, अशी सोय आहे. चित्रपट-टीव्हीला दोन पत्रं लागतात, एक कामगार संघटनेचं आणि एक निर्मात्यांच्या बाजूच्या संघटनेचं. ईबी-१ए ला हे लागत नाही.

२१. आम्हाला फक्त बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात लावणीचा कार्यक्रम करायचा आहे. एवढं सगळं लागेल?

नाही. तुमच्यासाठी पी-३ हा वर्ग पाहा. सांस्कृतिकदृष्ट्या वेगळी कला सादर करणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या व्यक्ती आणि चमू यांच्यासाठी तो आहे. त्यात तुम्ही शिखरावर आहात हे नव्हे, तर कला अस्सल आहे आणि तुम्ही ती जाणता हे दाखवायचं असतं. लावणी, कीर्तन, पोवाडा, दशावतार यांसाठी लोककलेच्या अभ्यासकांची पत्रं इथे मोलाची. अर्ज अमेरिकेतल्या यजमान संस्थेने करायचा, तोही वेळ हाताशी ठेवून.

पर्यटक व्हिसावर ‘मानधन घेत नाही, मग काय बिघडलं’ म्हणून कार्यक्रम करू नका. एका संध्याकाळसाठी पुढची सगळी दारं बंद होऊ शकतात.

२२. आणखी पुरावे मागणारी नोटीस आली आहे. म्हणजे नकारच ना?

नव्हे. अधिकाऱ्याला नेमकं काय पटलेलं नाही ते त्यात लिहिलेलं असतं. मुदत नोटिशीवर असते, ती जास्तीत जास्त बारा आठवड्यांची. उत्तर एकदाच आणि एकत्र द्यायचं, हप्त्यांनी कागद पाठवता येत नाहीत. तेच कागद पुन्हा पाठवणं वाया जातं. ज्या निकषावर शंका आहे त्यावर नवा, स्वतंत्र पुरावा शोधा.

नकार आलाच, तर साधारण तीस दिवसांत अपील करता येतं. नवा अर्जही केव्हाही करता येतो, त्याला बंदी नाही. फाईल मुळातच अशक्त असेल तर वर्षभर काम करून नवा अर्ज करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

२३. खर्च आणि वेळ?

एप्रिल २०२४ पासून आय-१४० चं शुल्क ७१५ डॉलर, आणि स्वतः अर्ज करणाऱ्याला ‘असायलम प्रोग्रॅम फी’ या नावाचं ३०० डॉलर शुल्क वेगळं. जास्तीचं शुल्क भरलं तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळतं, ‘उत्तर’ म्हणजे मंजुरी, नकार किंवा प्रश्न २२ मधली नोटीस. शुल्कं बदलत राहतात, भरण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर पाहा.

२४. पेटिशन, म्हणजे आय-१४० चा अर्ज, मंजूर झालं म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं का?

नाही. पेटिशनने फक्त तुमची पात्रता मान्य होते. पुढे रांग आहे, आणि ती जन्माच्या देशाप्रमाणे लागते. भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-१ मध्येही रांग आहे. २०२५ च्या मध्यात फेब्रुवारी २०२२ पर्यंतच्या अर्जांचा नंबर लागत होता. दर महिन्याला निघणारं व्हिसा बुलेटिन पाहत राहा.

जन्माचा देश म्हणजे नागरिकत्व नव्हे. गोव्यात जन्मून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या कलाकाराची गणना भारतातच होते. उलट आईवडील रत्नागिरीचे, पण जन्म कुवेतचा, तर रांग कुवेतची. पती किंवा पत्नीचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाची रांग घेता येते, हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं.

२५. पैसे देऊन पुरस्कार आणि लेख मिळवून देणाऱ्या संस्था आहेत. वापरू का?

नाही. अधिकारी ही नावं ओळखतात, आणि एक बनावट कागद बाकीच्या खऱ्या कागदांवरचा विश्वास घालवतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेत प्रवेशाची कायमची बंदी लागू शकते.

२६. आजोबांच्या काळापासून आमचा तमाशाचा फड. छापील काहीच नाही. पुरावा कुठून आणू?

हा प्रश्न मला सर्वात जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून शेवटी पण सविस्तर. नियमात पायऱ्या आहेत. मूळ कागद मिळत नसेल तर तो का मिळत नाही ते दाखवून दुय्यम पुरावा द्यायचा. तोही नसेल तर ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे, पण ज्यांचा या अर्जाशी संबंध नाही, अशा किमान दोघांची प्रतिज्ञापत्रं.

दुय्यम पुरावा घरात असतो, आपण त्याला पुरावा समजत नाही. जत्रेच्या सुपाऱ्या लिहिलेली वही. गावोगावच्या यात्रा समित्यांनी दिलेल्या पावत्या. प्रयोगाच्या परवान्याचे अर्ज. भिंतीवर लावायची रंगीत पोस्टरं, ज्यांवर तारीख असते पण वर्ष नसतं. तिथी आणि वार जुळवून वर्ष काढता येतं, तशी टीप लिहा. आकाशवाणीचं करारपत्र, एखाद्या विद्यापीठातला लोककलेवरचा प्रबंध ज्यात तुमच्या फडाचं नाव आहे, सरकारी महोत्सवाचं मानधनाचं पत्र. मंडईतल्या छापखान्याकडे जुन्या पोस्टरांच्या प्रती निघतात, तिथे आधी जा.

सगळं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक कागदामागे तीन ओळी लिहा : हा काय आहे, कोणी दिला, त्यातून काय दिसतं. सुपारी म्हणजे खायची सुपारी नव्हे, कार्यक्रम ठरवण्याचा करार, हेसुद्धा.